टॅम्पा बे स्टॉर्म

टॅम्पा बे स्टॉर्म हा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा उपसागर परिसरातील एक व्यावसायिक अरीना फुटबॉल संघ होता. १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स या नावाने त्याची स्थापना झाली. १९९१ मध्ये तो फ्लोरिडात स्थलांतरित झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याने आपले कामकाज स्थगित केले. अरीना फुटबॉल लीगच्या पहिल्या हंगामात उतरलेल्या चार संघांपैकी सर्वाधिक काळ टिकलेला संघ म्हणून त्याची ओळख आहे. तो एकूण ३० हंगाम खेळला, १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९९१, १९९३, १९९५, १९९६ व २००३ या वर्षी विजेता ठरला. अरीना बोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अंतिम सामन्यातील पाच विजय हा लीगमधील विक्रम असून पुढे केवळ ॲरिझोना रॅटलर्स या संघाने त्याची बरोबरी केली.

मराठीत फुटबॉल या शब्दाने जो खेळ ओळखला जातो, त्याच्याशी या खेळाचा संबंध नाही. हा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे नेण्याच्या खेळाचा, छपराखाली खेळला जाणारा प्रकार आहे.

खेळाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल छपराखाली खेळण्याचे प्रयत्न जुने आहेत. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये असे सामने झाले होते. डिसेंबर १९३२ मध्ये कडाक्याच्या थंडीमुळे व बर्फामुळे राष्ट्रीय फुटबॉल लीगचा एक निर्णायक सामना शिकागो स्टेडियम या बंदिस्त इमारतीत घ्यावा लागला. तेथे नेहमीच्या लांबीचे मैदान मावत नसल्याने ते आखूड करण्यात आले. शिकागो बेअर्स संघाने पोर्टस्मथ स्पार्टन्सविरुद्धचा हा सामना ९–० असा जिंकला. मात्र हे सर्व तात्पुरते उपाय होते. मूळ खेळ तसाच ठेवून तो लहान जागेत बसवण्याचा त्यात प्रयत्न होता.

लहान जागेसाठी वेगळा खेळ रचण्याचे श्रेय जिम फॉस्टर यांना दिले जाते. राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या विपणन विभागात काम करणारे फॉस्टर फेब्रुवारी १९८१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा एक सामना पाहत होते. सॉकर छपराखाली येऊ शकतो तर अमेरिकन फुटबॉल का नाही, या विचारातून त्यांनी हाताशी असलेल्या एका लिफाफ्यावर मैदानाची आकृती काढली. त्यानंतर युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग ही नवी उन्हाळी लीग सुरू झाली. फॉस्टर तिच्या कामात गुंतले आणि आराखडा काही वर्षे बाजूला पडला. ती लीग बंद पडल्यावर उन्हाळ्याचा काळ पुन्हा मोकळा झाला. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला आणि पुढील वर्षी चार संघांची लीग प्रत्यक्षात आली.

या कल्पनेमागे एक साधे आर्थिक गणितही होते. अमेरिकेतील मोठ्या शहरांमध्ये बास्केटबॉल व आइस हॉकीसाठी बांधलेली भव्य क्रीडागृहे उन्हाळ्यात बहुतांशी रिकामी असतात. अशा क्रीडागृहांना कार्यक्रम हवा होता आणि फुटबॉलच्या चाहत्यांना मुख्य हंगामाबाहेर सामने हवे होते. लहान संघ व छोटे मैदान यांमुळे खर्चही आटोक्यात राहणार होता.

खेळाचे स्वरूप

अरीना फुटबॉलचे मैदान साधारण आइस हॉकीच्या मैदानाएवढे असते. दोन्ही टोकांच्या गुण-क्षेत्रांमधील अंतर ५० यार्ड, म्हणजे नेहमीच्या मैदानाच्या निम्मे, आणि रुंदी ८५ फूट असते. प्रत्येक बाजूने ११ ऐवजी ८ खेळाडू मैदानात असतात. कडेला गादीचे आवरण असलेला कठडा असून खेळाडू त्यावर आदळतात आणि क्वचित प्रेक्षकांतही जाऊन पडतात.

या खेळाचा सर्वांत वेगळा घटक म्हणजे गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवलेल्या जाळ्या. लाथेने मारलेला किंवा फेकलेला चेंडू जाळीवर आपटून परत आला तर तो बाद न होता खेळातच राहतो. कॅरममध्ये कडेवरून परतणारी सोंगटी जशी डावाचा भाग असते, तसाच हा प्रकार आहे. या रचनेवर फॉस्टर यांना १९९० मध्ये पेटंट मिळाले. त्यामुळे नंतर निघालेल्या इतर इनडोअर फुटबॉल लीगना जाळ्यांशिवाय खेळ मांडावा लागला. ‘अरीना फुटबॉल’ आणि ‘इनडोअर फुटबॉल’ या दोन संज्ञांत जो भेद केला जातो तो मुख्यतः यामुळेच. पेटंटची मुदत २००७ मध्ये संपली.

चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत दूरवर लाथाडून ताबा सोडण्यास, म्हणजे पंटला, या खेळात परवानगी नाही. प्रत्येक ताबा गुण मिळवण्यासाठीच वापरावा लागतो. परिणामी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून शंभराच्या आसपास गुण होणे ही नित्याची बाब असते. सुरुवातीच्या दोन दशकांत बहुतेक खेळाडूंना आक्रमण व बचाव या दोन्ही बाजूंनी खेळावे लागत असे. त्यांना ‘आयर्न मॅन’ म्हटले जाई. २००७ पासून खेळाडूंच्या मुक्त बदलीस मुभा मिळाली आणि हे वैशिष्ट्य मागे पडले. खेळाच्या जुन्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही आणि त्यांच्या नाराजीत तथ्यही होते. एकाच खेळाडूला चेंडू झेलताना आणि पुढच्याच डावात समोरच्याला अडवताना पाहणे हे या खेळाचे स्वतःचे असे आकर्षण होते.

पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स (१९८७–१९९०)

पहिल्या हंगामातील चार संघ पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स, वॉशिंग्टन कमांडोज, डेन्व्हर डायनामाइट आणि शिकागो ब्रूझर्स हे होते. लीगच्या इतिहासातील पहिला अधिकृत सामना १९ जून १९८७ रोजी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनामध्ये ग्लॅडिएटर्स व कमांडोज यांच्यात झाला. १२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ग्लॅडिएटर्सने तो ४८–४६ असा जिंकला. खेळातील उणिवा आधी तपासून पाहता याव्यात म्हणून या सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण करण्यात आले नव्हते.

पहिला अंतिम सामनाही १ ऑगस्ट १९८७ रोजी पिट्सबर्गमध्येच झाला. त्यात डेन्व्हरने यजमानांचा ४५–१६ असा पराभव केला. डेन्व्हरचे प्रशिक्षक टिम मार्कम होते. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, ग्लॅडिएटर्स पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले. या वेळी डेट्रॉईट ड्राइव्हने त्यांना ३९–२६ असे हरवले. डेट्रॉईटचे प्रशिक्षक पुन्हा मार्कम हेच होते आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरला जॉर्ज लाफ्रान्स. ही दोन्ही नावे पुढे याच संघाच्या विजयांशी जोडली गेली.

पिट्सबर्गमध्ये संघाला विजेतेपद मिळाले नाही आणि पहिल्या सामन्याची गर्दीही टिकली नाही. शहरात राष्ट्रीय फुटबॉल लीगचा स्टीलर्स हा अत्यंत लोकप्रिय संघ आधीपासून होता. १९९० च्या हंगामानंतर संघाचे मालक रॉबर्ट ग्राईज यांनी, जे त्या वेळी क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचेही सहमालक होते, संघ फ्लोरिडात हलवला. पिट्सबर्गला अरीना फुटबॉलचा दुसरा संघ २०११ मध्ये मिळाला. पिट्सबर्ग पॉवर नावाचा तो संघ चार हंगाम टिकला.

फ्लोरिडातील पहिला काळ (१९९१–१९९४)

गडगडाटी वादळांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॅम्पा उपसागराच्या परिसरात संघाने ‘स्टॉर्म’, म्हणजे वादळ, हे नाव धारण केले. त्याचे घरचे मैदान टॅम्पा शहरात नव्हते. ते उपसागरापलीकडील सेंट पीटर्सबर्गमध्ये, फ्लोरिडा सनकोस्ट डोम या प्रचंड घुमटाकार क्रीडागृहात होते. हे क्रीडागृह बेसबॉलचा व्यावसायिक संघ शहरात यावा या आशेने बांधले गेले होते आणि १९९० मध्ये खुले झाले. पण बेसबॉल संघ काही आला नव्हता. अरीना फुटबॉलच्या इतर संघांना हॉकीच्या क्रीडागृहांत मिळे त्यापेक्षा कितीतरी मोठी प्रेक्षकक्षमता स्टॉर्मला त्यामुळे मिळाली. पुढे या वास्तूला थंडरडोम आणि त्यानंतर ट्रॉपिकाना फील्ड हे नाव मिळाले.

प्रशिक्षक फ्रॅन कर्सी यांच्या हाताखाली संघाने पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठली. प्रतिस्पर्धी होता लागोपाठ तीन वर्षे विजेता ठरलेला डेट्रॉईट ड्राइव्ह, आणि सामनाही डेट्रॉईटच्याच मैदानावर होता. स्टॉर्मने तो ४८–४२ असा जिंकला. स्टीव्ही थॉमस सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९३ मध्ये लॅरी कुहॅरिच प्रशिक्षक असताना स्टॉर्मने डेट्रॉईटलाच ५१–३१ असे नमवून दुसरे विजेतेपद मिळवले. दोन्ही वेळा डेट्रॉईटच्या बाजूला मार्कम होते.

या यशाच्या केंद्रस्थानी क्वार्टरबॅक जे ग्रूडन होता. लुइव्हिल विद्यापीठातून आलेल्या ग्रूडनला राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये खेळाडू म्हणून स्थान मिळाले नव्हते. आखूड मैदानावर निर्णय अल्पावधीत घ्यावे लागतात आणि चेंडू झटपट हातावेगळा करावा लागतो. ग्रूडनचे कौशल्य नेमके याच प्रकारचे होते. १९९३ च्या अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडू म्हणून त्याने स्टॉर्मसाठी एकूण चार विजेतेपदे जिंकली.

टिम मार्कम यांचे पर्व (१९९५–२०१०)

डेट्रॉईट ड्राइव्हचे मालक माइक इलिच यांनी १९९२ मध्ये डेट्रॉईट टायगर्स हा बेसबॉल संघ विकत घेतला. उन्हाळ्यात आपलेच दोन संघ परस्परांशी स्पर्धा करतील हे टाळण्यासाठी त्यांनी फुटबॉल संघ सोडून दिला आणि तो १९९४ मध्ये मॅसेच्युसेट्सला गेला. १९९५ मध्ये मार्कम स्टॉर्मचे प्रशिक्षक झाले व लाफ्रान्सही संघात आला. ग्लॅडिएटर्स असताना ज्यांनी संघाला दोनदा हुलकावणी दिली तेच आता त्याच्या बाजूला होते.

त्या वर्षीचा अंतिम सामना थंडरडोममध्ये सुमारे २५ हजार प्रेक्षकांपुढे झाला. स्टॉर्मने शेजारच्या ऑर्लँडो प्रेडेटर्सना ४८–३५ असे हरवले आणि लाफ्रान्स सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९६ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन येथे झालेला अंतिम सामना त्याहून चुरशीचा होता. यजमान आयोवा बार्नस्टॉर्मर्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. काही काळापूर्वी सीडर फॉल्स येथील एका किराणा दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम करणारा हा खेळाडू तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. स्टॉर्मने सामना ४२–३८ असा जिंकला. साडेतीन वर्षांनंतर वॉर्नरने सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला आणि त्यानंतरच अरीना फुटबॉलकडे देशभराचे गांभीर्याने लक्ष गेले. त्याला हरवणाऱ्या संघाचे नाव मात्र त्या कथेत सहसा येत नाही.

१९९७ मध्ये संघ सेंट पीटर्सबर्ग सोडून टॅम्पा शहरातील आइस पॅलेस या नव्या क्रीडागृहात आला. तेथे १९९८ चा अंतिम सामना झाला आणि त्यात ऑर्लँडोने स्टॉर्मचा ६२–३१ असा दणदणीत पराभव केला. ऑर्लँडोचे प्रशिक्षक होते स्टॉर्मसाठी चार वेळा जिंकलेले जे ग्रूडन.

२००३ मध्ये स्टॉर्मने ॲरिझोना रॅटलर्सना ४३–२९ असे हरवून पाचवे व शेवटचे विजेतेपद मिळवले. हा सामनाही टॅम्पातच झाला. जॉन कॅलिओ हा त्या संघाचा क्वार्टरबॅक होता आणि लॉरेन्स सॅम्युएल्स सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी जानेवारीत टॅम्पा बे बकनीअर्सनी सुपर बोल जिंकला होता. त्यांचे मुख्य प्रशिक्षक जॉन ग्रूडन हे जे ग्रूडन यांचे थोरले बंधू होत.

मार्कम यांनी २०११ च्या हंगामापूर्वी पद सोडले. डेन्व्हर, डेट्रॉईट व टॅम्पा यांच्यासह त्यांनी एकूण सात अंतिम सामने जिंकले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऑर्लँडोशी स्पर्धा

टॅम्पा आणि ऑर्लँडो ही शहरे आंतरराज्यीय महामार्ग क्रमांक ४ ने जोडलेली आहेत. या महामार्गावरून स्टॉर्म व प्रेडेटर्स यांच्यातील सामन्यांना ‘वॉर ऑन आय-फोर’ असे नाव पडले. दोन्ही संघांनी फ्लोरिडात १९९१ मध्येच सुरुवात केली होती. अंतर दोन तासांच्या आत कापता येत असल्याने पाहुण्या संघाचे चाहते मोठ्या संख्येने येत, जे अरीना फुटबॉलमध्ये इतरत्र फारसे घडत नसे. ही स्पर्धा लीगमधील सर्वांत तीव्र मानली जाई. प्रेडेटर्स २०१६ च्या हंगामानंतर बंद झाले. हे नाव मात्र पुढे परिसरातील दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांनाही लागले.

लीगची घसरण

२००३ ते २००६ या काळात एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीने लीगचे सामने दाखवले. त्यासाठी हंगामाची सुरुवात हिवाळ्याच्या अखेरीस आणण्यात आली. कराराचे स्वरूप असे होते की वाहिनी प्रक्षेपण हक्कांसाठी ठरावीक रक्कम देत नव्हती. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळणार होता. संघांचे खर्च वाढले, त्या प्रमाणात उत्पन्न आले नाही. डिसेंबर २००८ मध्ये, आर्थिक मंदीच्या काळात, लीगने २००९ चा संपूर्ण हंगाम रद्द केला आणि त्यानंतर काही महिन्यांत ती दिवाळखोरीत गेली.

नव्या व्यवस्थापनाखाली २०१० मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा परतलेल्या मोजक्या जुन्या संघांत स्टॉर्म होता. खेळाडूंचे मानधन आता एका सामन्यास साधारण ४०० डॉलर इतके खाली आले होते. स्टॉर्मने त्या वर्षी अंतिम सामना गाठला, पण स्पोकेन शॉकने तो ६९–५७ असा जिंकला. २०११ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंग या आइस हॉकी संघाचे मालक जेफ व्हिनिक यांच्या समूहाने स्टॉर्म विकत घेतला. क्रीडागृह चालवणारा आणि संघ चालवणारा एकच समूह असल्याने संघाची स्थिती इतरांच्या तुलनेत भक्कम होती. मैदानावरील कामगिरी मात्र खालावत गेली. २०१६ मध्ये १६ पैकी १४ सामने संघ हरला.

अखेरचा हंगाम आणि स्थगिती

२०१६ च्या हंगामानंतर लीगच कोलमडू लागली. ॲरिझोना रॅटलर्स दुसऱ्या लीगमध्ये गेले, जॅक्सनव्हिल शार्क्सनीही तेच केले, तर ऑर्लँडो, लॉस एंजेलिस व पोर्टलँड येथील संघ बंद झाले. उरलेले तीन आणि नव्याने आलेले दोन असे केवळ पाच संघ २०१७ मध्ये खेळले. पहिल्या हंगामाच्या वेळी लीगमध्ये चार संघ होते. तीस वर्षांनंतर ती जवळपास त्याच आकड्यावर आली होती. मधल्या काळात मात्र खर्च, विमा, प्रवास आणि प्रेक्षकांच्या अपेक्षा हे सर्व वाढले होते. तेच ते प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी हंगामी तिकिटे विकणे कोणत्याही संघाला अवघड होते.

अशा हंगामात स्टॉर्मने उल्लेखनीय पुनरागमन केले. १४ पैकी १० सामने जिंकून तो अंतिम फेरीत गेला. २६ ऑगस्ट २०१७ रोजी फिलाडेल्फिया येथे झालेला हा सामना लीगचा तिसावा अंतिम सामना होता. फिलाडेल्फिया सोलने तो ४४–४० असा जिंकला. स्टॉर्मचा तो अखेरचा सामना ठरला.

डिसेंबर २०१७ मध्ये मालक समूहाने संघाचे कामकाज स्थगित केल्याची घोषणा केली. क्लीव्हलँड ग्लॅडिएटर्स त्यापूर्वीच आपल्या क्रीडागृहाच्या नूतनीकरणामुळे बाजूला झाले होते. पिट्सबर्गच्या जुन्या संघाशी नावाचे साम्य असले तरी हा संघ वेगळा होता. स्टॉर्मने माघार घेतली ती उपविजेतेपदानंतर अवघ्या चार महिन्यांत. सतत हरणारा किंवा कर्जात बुडालेला संघ बंद होणे अमेरिकन क्रीडाक्षेत्राला नवे नाही. येथे संघ उभा होता आणि त्याला खेळण्यासाठी पुरेसे प्रतिस्पर्धी उरले नव्हते. पहिल्या हंगामातील इतर तीन संघ कित्येक वर्षांपूर्वीच इतिहासजमा झालेले असल्याने १९८७ शी असलेला लीगचा अखेरचा दुवाही यामुळे तुटला.

आल्बनी एम्पायर या नव्या संघासह लीग २०१८ मध्ये चार संघांवर चालली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये अरीना फुटबॉल लीग हेच नाव घेऊन नव्या प्रवर्तकांनी स्पर्धा सुरू केली, पण तीत स्टॉर्म नव्हता.

संघाशी संबंधित व्यक्ती

जे ग्रूडन यांनी ऑर्लँडोचे प्रशिक्षक म्हणून १९९८ व २००० मध्ये विजेतेपद मिळवले. पुढे ते २०१४ ते २०१९ या काळात राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील वॉशिंग्टन संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. अरीना फुटबॉलमधून खेळाडू पुढे जाण्याची उदाहरणे आहेत, प्रशिक्षक म्हणून एवढ्या उंचीवर पोहोचण्याची मात्र विरळा. ग्लॅडिएटर्सच्या पहिल्या संघातील क्वार्टरबॅक माइक होहेन्सी यांनी प्रशिक्षक या नात्याने २००६ मध्ये शिकागो रश संघाला विजेतेपद मिळवून दिले.

क्रीडागृहे

लीगचा पहिला सामना जेथे झाला ते पिट्सबर्गचे सिव्हिक अरीना १९६१ मध्ये खुले झाले होते. त्याचा पोलादी घुमट सरकवून उघडता येत असे. ती वास्तू २०११–१२ मध्ये पाडण्यात आली. सेंट पीटर्सबर्गच्या घुमटाखाली १९९८ पासून टॅम्पा बे डेव्हिल रेज हा बेसबॉल संघ खेळू लागला. ज्यासाठी तो बांधला होता तो उद्देश अशा रीतीने आठ वर्षांनी सफल झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळात या घुमटाचे छत फाटले. टॅम्पातील आइस पॅलेसची नावे त्यानंतर अनेकदा बदलली असून टॅम्पा बे लाइटनिंगचे सामने आजही तेथेच होतात.